उसनं वय

१९५५ साली आलेल्या दोन हिंदी चित्रपटांत एकच बाई दोन अगदी वेगळ्या घरांतून समोर येते. त्यातलं एक घर म्हणजे खरं तर घर नाहीच. राज कपूरच्या 'श्री ४२०'मधली गंगामाई मुंबईच्या फुटपाथवर केळी विकते. गावाकडून नुकताच आलेला एक फाटका तरुण तिच्यापाशी घासाघीस करतो आणि तीही उलटी: दाम वाढवून केळी कमी मागतो. माई आधी चक्रावते, मग वैतागते आणि मग हा पोरगा तिला आवडून जातो. दुसरं घर गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मधलं. तिथल्या सीतादेवी श्रीमंत, शिकलेल्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा गाजवणाऱ्या, पुरुषजातीवर मनापासून चिडलेल्या. मधुबाला त्यांची भाची. समोर उभ्या असलेल्या कफल्लक तरुणाला त्या करड्या आवाजात विचारतात, तू कम्युनिस्ट आहेस का? तो म्हणतो, नाही, कार्टूनिस्ट.

गंगामाई साठीची वाटते. सीतादेवी पन्नाशी ओलांडलेल्या. दोघी साकारणाऱ्या ललिता पवार त्या वर्षी ३९ वर्षांच्या होत्या. ज्याची त्या 'माई' झाल्या तो राज कपूर त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, आणि ज्याला त्या पोरगेलासा म्हणून झिडकारतात तो गुरुदत्त नऊ वर्षांनी.

याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवून पाहावी. अशोककुमार ललिताबाईंहून साडेचार वर्षांनी मोठे. १९५८ साली 'हावडा ब्रिज' आला तेव्हा ते सत्तेचाळिशीला टेकले होते आणि त्यात त्यांची नायिका होती मधुबाला. तीच मधुबाला, जिच्या वडीलधाऱ्या आत्याचं काम ललिताबाईंनी तीन वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. हिंदी चित्रपटसृष्टीत पुरुषाचं वय आणि बाईचं वय या दोन वेगळ्या पंचांगांवर चालणाऱ्या गोष्टी होत्या, हे इतक्या लख्खपणे दुसऱ्या कशातून क्वचितच दिसेल.

ललिता पवारांविषयी बोलायला बसलं की लोक त्यांच्या बारीक झालेल्या डाव्या डोळ्याविषयी बोलतात. ते स्वाभाविक आहे. पण त्यांच्या कारकिर्दीतून जी गोष्ट सलग वाहत जाते ती म्हणजे वय. पडद्यावरचं, अंगावर चढवलेलं, उसनं वय. बत्तिसाव्या वर्षी ते त्यांच्या वाट्याला आलं आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी ते वागवलं. ज्या वयाच्या भूमिका त्या करत होत्या, ते वय स्वतःला येईपर्यंत त्यांच्या निम्म्याहून अधिक भूमिका करून झाल्या होत्या. आणि एवढं होऊनही त्यांच्या म्हाताऱ्या एकमेकींसारख्या नाहीत. त्यांचं मोठेपण मोजायचं तर ते इथे मोजलं पाहिजे.

*

त्यांचा जन्म येवल्याचा, १८ एप्रिल १९१६चा. नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण रेशमी आणि सुती कापडाच्या व्यापारातले. येवलं म्हणजे पैठणीचं गाव, तेव्हा घरात रेशमाला तोटा नसावा. मुलींना शाळेत घालण्याची रीत नव्हती, म्हणून अंबा शाळेत गेली नाही. वडिलांबरोबर पुण्यात आली असताना तिथल्या मूकपटवाल्यांच्या नजरेस पडली आणि नऊ-दहा वर्षांची असतानाच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पगार महिना १८ रुपये. चांगल्या घरातल्या बायका ज्या काळात सिनेमात जात नव्हत्या, त्या काळात एका व्यापाऱ्याची मुलगी तिथे गेली ही लहान गोष्ट नव्हती.

पुढची बारा-पंधरा वर्षं त्या नायिका होत्या. मूकपटाच्या, मग बोलपटाच्या. १९३५चा 'हिम्मते मर्दां' गाजला. सुरुवातीच्या बोलपटांत त्या स्वतःची गाणी स्वतः गात. १९३२च्या 'कैलास'च्या निर्मितीत त्यांचा वाटा होता आणि १९३८ साली त्यांनी टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वरून 'दुनिया क्या है' काढला. विशी-बाविशीतली, शाळेचं तोंड न पाहिलेली एक मराठी मुलगी टॉलस्टॉयच्या कादंबरीवर पैसे लावते, ही त्यांच्या आयुष्यातली गोष्ट पुढे १९४२ साली थोबाडीत बसल्याच्या गोष्टीइतकीच सांगितली जायला हवी होती. मराठीतही त्या होत्या: भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये, वि. स. खांडेकरांच्या कथेवर मास्टर विनायकांनी काढलेल्या 'अमृत'मध्ये.

मग १९४२. 'जंग-ए-आजादी'च्या चित्रीकरणात नायिकेला थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. मारणारे होते भगवान पालव, पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोचलेले भगवानदादा. हात जास्त जोरात बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातली शीर फुटली, चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा मारला. उपचार काही वर्षं चालले. चेहरा बराचसा सावरला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. हकिगत एवढीच. ती इतक्या वेळा आणि इतकी रंगवून सांगितली गेली आहे की तिच्या आधीची पंधरा वर्षं आणि नंतरची पन्नास वर्षं तिच्या सावलीत गेली.

या अपघातानंतर, १९४४ साली, प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यांसमोर उभी राहणारी, 'ध'चा 'मा' करणारी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेली राघोबादादांची बायको. ललिताबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि आनंदीबाईही तरुण. हा दुवा मोलाचा आहे. कारस्थानी बाई त्यांनी म्हातारी व्हायच्या आधीच करून दाखवली होती. तेव्हा डोळा बारीक झाला म्हणून त्यांना दुष्ट भूमिका कराव्या लागल्या, हे पूर्ण खरं नाही. डोळ्याने त्यांच्याकडून नायिकापण काढून घेतलं. दुष्टपणा साकारायची ताकद आधीपासून त्यांचीच होती.

*

१९४८च्या 'गृहस्थी'पासून त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. वय बत्तीस. त्यानंतर दोन वर्षांनी व्ही. शांताराम यांनी 'दहेज' काढला. हुंड्यावरचा चित्रपट. जयश्री सून, पृथ्वीराज कपूर तिचे वडील आणि ललिताबाई सासू. हुंडा कमी पडला म्हणून सुनेचा छळ होत राहतो, बाप घरदार विकून सगळं सामान घेऊन पोचतो, तेव्हा मरायला टेकलेली मुलगी त्याला म्हणते की एक गोष्ट आणायची तुम्ही विसरलात. ती गोष्ट म्हणजे कफन. हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा यायला तेव्हा अजून अकरा वर्षं होती.

'दहेज'मधली सासू फार खोल लिहिलेली नाही. शांतारामबापूंना प्रश्न मांडायचा होता आणि प्रश्न मांडायला त्यांना एक तोंड हवं होतं. ते तोंड ललिताबाईंनी दिलं, आणि असं दिलं की पुढची वीस वर्षं दुसऱ्या कुणाला ते घेता आलं नाही. 'घराना', 'नीलकमल' आणि असे कितीतरी चित्रपट. कितीदा तरी सुनेला त्यांनी छळलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून टोचून बोलल्या, मुलाचे कान भरले. मराठी घरांत एखादी सासू फारच खाष्ट निघाली की तिला थेट ललिता पवार म्हणण्याची रीत पडली, ती आजच्या आज्यांच्या तोंडून अजून ऐकू येते.

हे नाव चिकटलं कारण त्यामागचं दुःख खरं होतं. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास शतकानुशतकं सांगितला जात होता. सिनेमाच्या थेटरात तो मोठ्या पडद्यावर, उजेडात, सासू आणि सून दोघींना शेजारी बसवून दिसला. सून डोळ्याला पदर लावायची. सासूला काय वाटत असेल ते तिचं तिला ठाऊक. सुनांच्या पिढ्यांना जे बोलता येत नव्हतं ते बोलण्यासाठी त्यांना एक चेहरा मिळाला. ज्या बाईने तो पुरवला तिच्यावर लोकांनी राग काढला, आणि तो राग हीच तिच्या कामाची पावती होती.

पण ती सासूही जवळून पाहावी. ललिताबाई बोलायच्या आधी थांबतात. मान आधी वळते, नजर मागाहून येते. डावा डोळा बारीक असल्याने नजर सरळ पोचत नाही, ती जराशी तिरपी होऊन समोरच्याच्या अंगावर येते. हे अपघाताने झालं हे खरं, पण नुसत्या अपघाताने भूमिका उभी राहत नाही. कुठल्या वाक्याला चेहऱ्याची कुठली बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायची, कधी पुरतं समोर यायचं आणि कधी खांद्यावरून बोलायचं, हे त्यांनी मूकपटात शिकून घेतलं होतं. तिथे शब्द नव्हतेच, सगळा संसार चेहऱ्याच्या आणि मानेच्या हालचालींवर चालायचा. म्हणून त्यांच्या सासवा आवाज बंद करून पाहिल्या तरी कळतात.

*

'मिस्टर अँड मिसेस ५५'मधल्या सीतादेवींकडे पुन्हा यायला हवं, कारण ती भूमिका आज वेगळी दिसते. त्या वर्षी हिंदू विवाह कायदा झाला होता. घटस्फोटाच्या हक्कावर देशभर वाद चालू होता. चित्रपट त्या वादात सरळसरळ एका बाजूला उभा आहे: नवऱ्याचं घर सांभाळणारी बाई सुखी आणि हक्क मागणारी बाई भरकटलेली. भाचीला वडिलांच्या मृत्युपत्रातला पैसा मिळावा म्हणून सीतादेवी तिचं कागदोपत्री लग्न लावतात आणि लगेच घटस्फोटाची तयारी करतात. अब्रार अल्वींच्या लेखणीने त्यांना हास्यास्पद करायचं ठरवलेलं आहे.

त्या हास्यास्पद होत नाहीत. ताठ पाठीने बसतात, खालच्या सुरात बोलतात, आणि स्वतःवर त्यांचा पुरता विश्वास आहे. लेखकाने ज्या बाईची टर उडवायची ठरवली, नटीने तिचा मान राखला. सत्तर वर्षांनंतर तो चित्रपट पाहणाऱ्या मुली मधुबालेच्या सौंदर्यावर लुब्ध होतात, आणि पटतात मात्र सीतादेवी. हे काम संवादांत लिहिलेलं नव्हतं.

'सुजाता'तली आत्याबाई याच्या दुसऱ्या टोकाला. बिमल रॉय यांच्या त्या चित्रपटात, अस्पृश्य घरात जन्मलेल्या मुलीला घरात ठेवू नका म्हणून बजावणारी, देवधर्म करणारी, सोवळं पाळणारी म्हातारी. ही बाई वाईट नाही. तिला जे शिकवलं गेलं ते ती पाळते आहे, एवढंच. जातिभेद असा साध्या, प्रेमळ, पूजा करणाऱ्या आजीच्या तोंडून आला की तो जास्त भयंकर दिसतो, हे बिमलदांना कळलं होतं आणि ललिताबाईंनाही. त्यांनी तिथे एकदाही डोळे वटारले नाहीत.

त्याच चित्रपटात घरची मालकीण आहे सुलोचनादीदी. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या. त्यांची मुलगी झालेली शशिकला त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आणि सुजाता झालेली नूतन आठ. दीदी मराठीत नायिका म्हणून नाव कमावून आल्या होत्या आणि हिंदीत त्यांचं नाव झालं ते आई म्हणून. लीला चिटणीस १९४१पर्यंत 'कंगन', 'बंधन', 'झूला'मध्ये अशोककुमारची नायिका होत्या, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या होत्या. १९४८च्या 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. निरुपा रॉय १९५५च्या 'मुनीमजी'त देव आनंदची आई झाल्या तेव्हा देव आनंद त्यांच्याहून सात वर्षांनी मोठा होता. 'हम दोनो'त देव आनंदच्या दुहेरी भूमिकेला दोन आया लागल्या. एक लीला चिटणीस, दुसरी ललिता पवार. एकेकाळच्या दोन मराठी नायिका आणि मध्ये एकच नायक, जो पुढेही पाव शतक नायक राहणार होता.

यांच्यात ललिताबाईंचा मार्ग वेगळा कुठे होतो? बाकीच्या आयांना चित्रपटसृष्टीने रडायला दिलं. ललिताबाईंना तिने सत्ता दिली. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दिवाणखान्यात शब्द त्यांचा, मुलाचं लग्न ठरवणाऱ्या त्या. घरातली सत्ता बाईच्या हातात आली की ती कशी वागते, हे पाहायची सोय हिंदी चित्रपटाने जवळजवळ एकट्या ललिता पवारांच्या भूमिकांत ठेवली होती. म्हणून त्या भूमिका आजही चघळायला काहीतरी देतात आणि रडणाऱ्या आया बऱ्याचशा पुसट झाल्या.

*

सत्ता आणि माया एकाच बाईत कशा नांदतात हे हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाड़ी'त दिसतं. १९५९चा चित्रपट. मिसेस डिसा ही मुंबईतली ख्रिस्ती घरमालकीण, आणि राज कपूर तिचा भाडेकरू. प्रामाणिक, चित्रं काढणारा, सतत बेकार. मिसेस डिसा बडबड करते. भाड्यावरून, उशिरा येण्यावरून, नोकरी न टिकण्यावरून. तिचं रागावणं आणि जेवू घालणं एकाच आवाजात चालतं, सूर बदलत नाही. साधारण नटी असती तर रागावताना एक चेहरा आणि कुरवाळताना दुसरा केला असता. ललिताबाई दोन्ही वेळा तोच चेहरा ठेवतात. 'दहेज'ची सासू ज्या चेहऱ्याने सुनेला छळते, त्याच चेहऱ्याने मिसेस डिसा पोराला पोटाशी धरते, आणि तोच डोळा, तोच घोगरा, मराठी वळणाचा हिंदी आवाज आता आधार वाटायला लागतो. प्रेक्षकाला वाटत आलेलं असतं की या चेहऱ्यातच काहीतरी क्रूर आहे. 'अनाड़ी' त्याला दाखवून देतो की क्रूरपणा त्या चेहऱ्यात कधीच नव्हता, तो त्या त्या भूमिकेत होता.

मिसेस डिसा तापाच्या औषधाने मरते. ते भेसळीचं, विषारी औषध ज्या कारखान्यातलं, त्याच्या मालकाकडेच तिचा लाडका भाडेकरू नोकरीला असतो. खुनाचा आळ त्याच्यावरच येतो. चित्रपटाचा कणा हा मृत्यू आहे. म्हातारी मेली म्हणून कोणी बिचकत नाही अशा सिनेमात, या म्हातारीच्या मरणाने सगळ्या कथेचा पाया हलतो. तिच्यावर प्रेक्षकाचा जीव जडलेला नसता तर उरलेला चित्रपट उभाच राहिला नसता. या भूमिकेसाठी ललिताबाईंना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. दोन वर्षांनी संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. मिसेस डिसा त्रेचाळीस वर्षांच्या बाईने उभी केली होती, हे मात्र त्या वेळी कुणी फारसं लक्षात घेतलेलं दिसत नाही.

हृषीदांना ही बाई विसरता आली नाही. १९७१च्या 'आनंद'मध्ये रमेश देवांच्या डॉक्टर कुलकर्णींच्या रुग्णालयात एक कडक मेट्रन आहे. तिचंही नाव डिसा आणि तीही ललिता पवारच. मरायला टेकलेला आनंद तिच्यापाशी हट्ट करतो, ती खेकसते, आणि पुन्हा तेच होतं: खेकसण्याच्या आडून ती पाझरायला लागते. तो चित्रपट हृषीदांनी राज कपूरला आणि मुंबई शहराला अर्पण केला आहे.

*

उसन्या वयाची सगळ्यात अवघड कसोटी मात्र 'प्रोफेसर'मध्ये लागली. लेख टंडन यांचा १९६२चा विनोदी चित्रपट. भाचरांना शिकवायला एक वयस्कर मास्तर हवा, तरुण नको, अशी सीतादेवी वर्मांची अट; नाव जुनंच, पण ही सीतादेवी वेगळी, आणि तीही ललिताबाईच. नोकरीची निकड असलेला शम्मी कपूर दाढी लावून म्हातारा होऊन येतो. आणि त्या कडक, एकट्या, आयुष्यभर भाचरांना वळण लावण्यात घालवलेल्या बाईचा या म्हाताऱ्या मास्तरावर जीव जडतो. ती नटायला लागते. आवाज मऊ होतो.

चित्रपट याकडे विनोद म्हणून पाहतो. प्रौढ बाईला प्रेम व्हावं हेच त्याला हसण्यासारखं वाटतं. तेव्हाच्या प्रेक्षकालाही वाटलं असणार. पण ललिताबाईंनी त्या बाईची लाज खरी ठेवली आणि आनंदही खरा ठेवला. खोटी दाढी लावलेला एकतीस वर्षांचा नट आणि खोटे पांढरे केस लावलेली शेहेचाळीस वर्षांची नटी एका चौकटीत बसतात. त्याची दाढी चित्रपटाच्या शेवटी उतरते आणि तो पुन्हा तरुण नायक होतो. तिचे पांढरे केस उतरत नाहीत. ज्या बाईचं तरुणपण उद्योगाने बत्तिसाव्या वर्षी संपवलं, तिने पडद्यावर पुन्हा एकदा प्रेमात पडायचं, आणि तेही हसू व्हावं म्हणून. ही भूमिका त्यांनी ज्या मायेने केली तिला तोड नाही. त्या काळच्या हिंदी चित्रपटात प्रौढ स्त्रीच्या मनाचं इतकं नाजूक चित्र दुसरं शोधून सापडणं कठीण आहे. ते एका विनोदी चित्रपटात दडून बसलं आहे.

त्याआधी वर्षभर 'जंगली' आला होता. तिथेही शम्मी कपूर, तिथेही ललिताबाई: घरात हसायला बंदी घालणारी आई. ती भूमिका जास्त गाजली. 'प्रोफेसर'ची खरी.

*

१९६१च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या होत्या. सव्वीस वर्षांनी, २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं तेव्हा मंथरा पुन्हा त्याच. आता वय सत्तर. पहिल्यांदाच भूमिकेचं वय आणि अंगातलं वय जुळलं होतं.

मंथरा हे काम बघण्यासारखं आहे. पाठीत वाकलेली बाई कैकेयीशी बोलते तेव्हा तिला खालून वर बघावं लागतं. पद्मा खन्नांची कैकेयी उंच, सुंदर, दागिन्यांनी मढलेली. मंथरा तिच्या कानाच्या उंचीला पोचत नाही, म्हणून शब्द वर सोडते आणि मान वाकडी करून तो पोचला का ते पाहते. कान भरणं या क्रियेला शरीर असतं तर ते असंच दिसलं असतं. दासीचा हेवा, मालकिणीवरची आंधळी भक्ती आणि आपणही एक राज्य हलवू शकतो ही चटक, सगळं त्या वाकलेल्या कण्यात होतं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. २०२०च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा 'अनाड़ी'चं नाव न ऐकलेली पोरं मंथरेवर दात-ओठ खाऊ लागली. ललिताबाईंना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

शेवटची वर्षं त्यांनी पुण्यात काढली. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी औंधमधल्या घरी त्या गेल्या, वय एक्याऐंशी. त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं.

*

आज त्यांचं काम पाहायचं म्हटलं तर 'श्री ४२०' मिळतो, 'अनाड़ी' मिळतो, 'प्रोफेसर' मिळतो. म्हणजे म्हाताऱ्या मिळतात. तरुण ललिता पवार जवळजवळ मिळत नाहीत. भारतात १३००च्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले कसेबसे ३०च्या आसपास शिल्लक आहेत आणि तेही बरेचसे तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, सडणारी. वर तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी ती विकली जायची. पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे गोळा केलं त्यातलंही काही टिकलं नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं जळाली. ललिताबाईंचं उद्योगाने काढून घेतलेलं तरुणपण असं दुसऱ्यांदा गेलं. दहा वर्षांची अंबा, टॉलस्टॉयवर चित्रपट काढणारी बाविशीतली निर्माती, स्वतःच्या गळ्याने गाणारी नायिका: यांच्याविषयी आपल्याकडे आता बहुतेक कागदच आहेत.

पण ते कागदही मोलाचे आहेत. १९३० आणि ४०च्या दशकांत थेटराबाहेर चित्रपटाच्या गाण्यांच्या चोपड्या विकत मिळायच्या. त्यात कथासार, नटांची नावं, कधी फोटोही असायचे. हँडबिलं वाटली जायची, मासिकांत जाहिराती यायच्या. येवला, नाशिक, पुणे, कोल्हापूर, मुंबईतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांमध्ये, वाचनालयांच्या मागच्या खोल्यांत यातलं काही अजून असेल. घर पाडायला निघालं की हे सगळं आधी रद्दीत जातं. ज्यांच्या हाती असं काही लागेल त्यांनी ते विकण्याआधी किंवा फेकण्याआधी एकदा उलटून पाहावं. ललिता पवार हे नाव दिसलं, किंवा अंबा हे, तर ते पान फाडू नये, चिकटवू नये, पिशवीत घालून पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात नेऊन द्यावं.